बूट छान, लेस भिकार: अन्नपूर्णा बेस कॅम्पला जाऊन आलेल्या जोडीचा अनुभव

गेल्या आठवड्यात मुलुंड स्टेशनच्या जिन्यावर डाव्या बुटाचं सोल टाचेकडून उघडलं आणि मागच्या काकांनी "ओ ताई, जबडा उघडलाय" म्हणून सांगितलं. म्हणून हे लिहून टाकतेय. पण सोलबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझं भांडण लेसशी आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. घोट्याच्या वर येणारा, वॉटरप्रूफ, मधल्या किमतीतला बूट. या भावात काय मिळतं ते ट्रेकला जाणाऱ्यांना ठाऊक आहे. सेलमध्ये साडेपाच हजारांना घेतला. "एवढ्यात घरातल्या सगळ्यांच्या चपला आल्या असत्या," हे नवऱ्याचं वाक्य मी पुढे बरेच महिने ऐकलं, त्यामुळे बूट वसूल करणं हा घरातल्या इभ्रतीचा प्रश्न झाला होता.

सराव नेहमीचाच. कान्हेरीच्या पायऱ्या, नेरळहून पेबचा किल्ला, एकदा कळसूबाई. पकड चांगली आहे. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर आणि कोरड्या कातळावर पाय कुठे सरकला नाही. शेवाळलेल्या दगडावर मात्र भरवसा ठेवू नका, पण तिथे कुठल्याच बुटावर ठेवू नये. पंज्याला ऐसपैस जागा, टाचेला फोड नाही. तेव्हाच लिहायला बसले असते तर पाचपैकी साडेचार दिले असते. लेस तेव्हाही सुटत होती, पण सह्याद्रीत आपण दर अर्ध्या तासाने काकडी खायला थांबतोच, तेव्हा बांधून घ्यायची.

मग एप्रिलमध्ये नेपाळ. ग्रुपबरोबर, गाइडसह. नेपाळने 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकरना गाइड सक्तीचा केला, आणि खरं सांगायचं तर हा खर्च मला आधी खुपला होता. कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, मग पोखरापर्यंत बस, असे विमानाचे पैसे वाचवून आलेल्या बाईला खुपणारच. अन्नपूर्णा भागात ट्रेक करायच्या परमिटने जरा बरं वाटलं. इतर परदेशी लोकांना 3000 नेपाळी रुपये, आपल्याला सार्कवाले म्हणून 1000, म्हणजे आपले सव्वासहाशे.

आता लेस. ती गोल आहे, नायलॉनसारखी गुळगुळीत, चमकदार. दुकानात फार देखणी दिसते. गाठ मारली की पंधरा मिनिटांत सैल, अर्ध्या तासात दोन्ही टोकं चिखलात. ग्रुपमधला एक शहाणा म्हणाला, तुमची गाठच उलटी असेल. उलट्या गाठीचा फासा बुटावर उभा बसतो, सरळ गाठीचा आडवा. माझा आडवाच होता, हे त्याला वाटेतल्या छोमरोंग गावच्या पायऱ्यांवर पाय पुढे करून दाखवलं. त्या पायऱ्या दगडी आहेत आणि संपत नाहीत. आधी खाली नदीपर्यंत उतरायचं, मग समोरच्या सिनुवा गावापर्यंत तेवढंच चढायचं. दर पायरीला पाय आपटतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली यावर चक्क शोधनिबंध लिहिलाय: पाय जमिनीवर पडतो तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सातपट हिसका बसून ती ढिली होते, आणि पाय पुढे जाताना लेसची टोकं चाबकासारखी हलून तिला खेचून सोडवतात. म्हणजे दोष माझ्या बोटांचा नव्हे. लेस घसरडी असेल तर गाठीने तरी धरायचं कशाला?

खरा प्रसंग बेस कॅम्पच्या अलीकडच्या देउरालीच्या आसपासचा. तिथे काही पट्ट्यांत वरून, हिउंचुली शिखराच्या अंगाने, बर्फ कोसळतं. जानेवारी 2020 मध्ये याच भागात हिमस्खलनात दक्षिण कोरियाचे ट्रेकर आणि नेपाळी गाइड गेले. म्हणून आमचा गाइड उन्हं वरच्या उतारावर पोचायच्या आत निघाला होता आणि त्याने आधीच बजावलं होतं, इथे फोटो नाही, पाणी नाही, थांबायचं नाही. एरवी दिवसभर "दिदी, बिस्तारै, बिस्तारै" (हळूहळू) म्हणणारा माणूस तिथे मागून "चला, चला" करत होता. आणि नेमकी तिथे उजवी लेस सुटली. टोक डाव्या पायाखाली येऊ नये म्हणून पाय फाकवून, बदकासारखी तो पट्टा पार केला. साडेपाच हजारांचा बूट, आणि त्या वेळी डोक्यात विचार काय, तर बाहेरच्या टपरीवर लेस वीस रुपयांना मिळते.

पलीकडे गेल्यावर गाइडने काही न बोलता खाली बसून लेस बांधून दिली. पहिला पीळ एकाऐवजी दोनदा, वरच्या हुकांत लेस खालून नेण्याऐवजी वरून खाली, मग फासा. ती बेस कॅम्पपर्यंत, 4130 मीटरपर्यंत, सुटली नाही. उतरताना त्याने अजून एक दाखवलं: घोट्यापाशी दोन्ही बाजूंना लेसचा लूप करून टोकं एकमेकांत ओवायची, म्हणजे टाच मागे घट्ट बसते आणि उताराला अंगठा पुढे आदळत नाही. ग्रुपमधल्या दोघांची नखं परतीच्या वाटेवर झिनू गावच्या गरम पाण्याच्या कुंडात बघितली तेव्हा जांभळी झाली होती. माझी शाबूत. गाइडचे पैसे तिथेच वसूल.

एवढ्याशा वस्तूवरून इतकं काय, असं म्हणणाऱ्यांनी अन्नपूर्णेचाच इतिहास बघावा. 1950 मध्ये फ्रेंच गिर्यारोहक मॉरिस हर्झोग शिखरावर पोचला, माणसाने गाठलेलं ते पहिलं आठ हजार मीटरवरचं शिखर. उतरताना त्याचे हातमोजे घरंगळले. त्या मोहिमेत हाताची आणि पायाची बोटं गेली.

(नेपाळचा भाग मे महिन्यातच लिहून ठेवला होता. पुढचं पावसाळ्यानंतरचं.)

कस्टमर केअरला मेल केला. उत्तर: लेस वॉरंटीत येत नाही. बरं, विकत द्या म्हटलं. दोनशे एकोणपन्नास, वर कुरिअर वेगळं. हट्टाने मागवली. तीच निघाली! तीच गोल, तीच चमकदार. परत तक्रार टाकली, उत्तर आलं की तुमचा अभिप्राय मोलाचा आहे.

मग मुलुंडच्या बाजारातून चपटी सुती लेस घेतली. गाठ पक्की, शंका नाही, पण पावसात भिजली की संध्याकाळी सोडवायला दात लावायची पाळी, आणि जुलैत तिच्यावर बुरशी आली. म्हणजे सुती हा इलाज नाही, हेही नोंदवते.

आता सोल. स्टेशनबाहेरच्या बूटदुरुस्तीवाल्या काकांनी सोल ओढून पाहिलं, मधला फोम दाबून पाहिला. फोम ठीक, गोंद सुटलाय. हे तुम्हीही पाहा, कारण पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत न वापरताही आतून भुसभुशीत होतो. मुंबईत बूट खोक्यात घालून माळ्यावर टाकणाऱ्यांनी ट्रेकच्या आधी अंगठ्याने दाबून बघावा. काकांनी गोंद लावला, कडेने शिवण मारली, अडीचशे घेतले. शिवणीने वॉटरप्रूफपणा गेला असणार. आपल्या पावसात पाणी घोट्यावरूनच आत शिरतं, तेव्हा त्याचं दुःख नाही.

पिशवीत ती जुनी गोल लेस होती. काकांनी दोऱ्याला लावायच्या मेणाचा गोळा तिच्यावरून दोनदा खरखरून ओढला आणि म्हणाले, आता बघा. त्याचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून कान्हेरीला दोन्ही वाटांनी चढून-उतरून झालं, गाठ जशीच्या तशी आहे. चमक गेली, ते उत्तमच.

तर सेलमध्ये साडेपाचपर्यंत मिळाला तर घ्या, पूर्ण किमतीला नको. नंबर अर्धा मोठा घ्या, जाड मोज्यांसकट घालून दुकानातल्या जिन्यावरून उतरून बघा. साडेचारवरून साडेतीनवर आणलंय, आणि तो एक गुण पूर्ण लेसचाच कापलाय. सोलचा एकही नाही.