लेगो टेक्निक + मेडिकलमधल्या सिरिंज = घरचा हायड्रॉलिक प्रेस (आणि तो खरंच दाबतो)

आधी निकाल सांगतो. लेगो टेक्निकच्या, म्हणजे लेगोच्या भोकं असलेल्या आणि पिनने जोडायच्या पार्ट्समधून चालणारा हायड्रॉलिक (पाण्याच्या दाबावरचा) प्रेस होतो, चांगला होतो, आणि घरात टेक्निकचा एखादा मोठा बॉक्स आधीच पडलेला असेल तर वरचा खर्च फार नाही. मी भोसरीत प्रेस शॉपमध्ये काम करतो, दिवसभर पंच, डाय (साचा), रॅम (वरून खाली येऊन दाबणारा भाग) हेच डोळ्यासमोर, त्यामुळे खेळण्यातल्या वस्तूला कोणी प्रेस म्हटलं की मी ती जरा कडकच तपासतो. भाची आठवीत आहे, तिला सायन्सला बल व दाब हा धडा आहे, तिच्याबरोबर हा बनवला आणि आता तिच्या वर्गातल्या दोन-तीन पोरांच्या घरून फोन येतायत की काय काय लागतं सांगा, म्हणून हा सविस्तर रिव्ह्यू.

पहिली गोष्ट म्हणजे ताकदीची काळजी करू नका. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ मध्ये साधा २ बाय २ चा ब्रिक मशीनखाली दाबून बघितला होता, तो साधारण ४२४० न्यूटनपर्यंत टिकला, म्हणजे सव्वाचारशे किलोच्या वर वजन. आपला प्रेस त्याच्या जवळपासही जात नाही. पण हा आकडा वाचून लोक नुसते ठोकळे एकावर एक रचून फ्रेम करतात आणि तिथे फसतात, कारण प्रेस जॉबला, म्हणजे खाली ठेवलेल्या वस्तूला, दाबत असला तरी त्याच वेळी फ्रेमला ताणत असतो. रॅम खाली जितका जोर लावतो तितकाच जोर वरच्या ब्रिजला, म्हणजे खांबांवरच्या आडव्या भागाला, वर ढकलतो, त्यामुळे दोन्ही बाजूचे खांब दाबले जात नाहीत, ओढले जातात. आणि स्टडची, म्हणजे ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांची, पकड दाबाला मजबूत, ओढायला कमजोर, लहान मूलसुद्धा दोन ब्रिक ओढून वेगळे करतं ना. हे भाचीला दाखवायला मुद्दाम एक फ्रेम नुसत्या ठोकळ्यांची केली, जोर लावल्या लावल्या वरच्या थराखाली केसाएवढी फट पडली, ती हळूहळू रुंद झाली आणि टक करून अख्खा ब्रिज वर उचलला गेला. ती म्हणाली, "मामा, हे तर दाबायच्या ऐवजी उघडतंय." धडा तिथेच समजला तिला.

म्हणून ठोकळे नकोत, टेक्निकच घ्या. भोकं असलेले ब्रिक आणि बीम (भोकांच्या लांब पट्ट्या), आणि सगळं पिनने लॉक केलेलं. यात एक हिशोब आहे तो लक्षात ठेवा. भोकांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ब्रिकची उंची ९.६ आणि पातळ प्लेटची ३.२. आता ब्रिकवर ब्रिक ठेवला तर वरच्या-खालच्या भोकात ९.६ चं अंतर पडतं आणि उभा बीम त्यावर बसतच नाही. पण दोन ब्रिकच्या मधे दोन प्लेट घातल्या की ९.६ अधिक ६.४ म्हणजे बरोबर १६, दोन भोकांचं अंतर, उभा बीम पिनने खटकन बसतो. मग ओढ स्टडवर येत नाही, पिन आणि बीम घेतात. पिन काळ्या घ्या, त्या घट्ट बसतात, राखाडी रंगाच्या सैल पिन फिरत्या जागी वापरायच्या असतात. वरचा ब्रिज डबल करा, शक्य असेल तर तिहेरी, नाहीतर मधे कमान पडलेली नुसत्या डोळ्याला दिसते. आणि रॅमच्या प्लेटला दोन बाजूंनी १२ नंबरचे लांब अॅक्सल (दांडे) गाइड पिलरसारखे द्या, म्हणजे रॅम सरळ रेषेत राहतो, गोल भोकातून अॅक्सल मस्त सरकतो. गाइड नसेल तर जॉब जरा कडेला ठेवला की रॅम तिरका होतो, हे तर आमच्या मोठ्या प्रेसलाही होतं.

आता हायड्रॉलिकची बाजू. ५ मिलीची एक सिरिंज, ५० मिलीची एक, एक थ्री-वे (चावी असलेला तीन तोंडांचा छोटा नळ) आणि दोन्ही टोकांना लुअर लॉक (आट्यांचं तोंड) असलेली एक्स्टेंशन ट्यूब, सगळं मेडिकलमध्ये मिळतं. सुई नको हे आधीच सांगा, आणि नोझल नुसतं दाबून बसणारं घेऊ नका, आट्यांचं लुअर लॉकच घ्या कारण दाब आला की साधं नोझल निसटतं आणि पाणी थेट तोंडावर. छोट्या सिरिंजचा आतला व्यास साधारण १२ मिमी, मोठीचा २८ च्या आसपास, व्यास सव्वादोन पटीच्या जरा वर पण क्षेत्रफळ जवळपास साडेपाच पट. अंगठ्याने ३ किलो जोर लावला की पलीकडे १६ किलोपर्यंत मिळतो, घर्षणात थोडा जातो. फुकट काही मिळत नाही अर्थात, छोटीतलं अख्खं ५ मिली पाणी ढकललं तरी रॅम फक्त ८ मिमी खाली येतो, जवळपास शेजारच्या दोन भोकांमधल्या अंतराएवढा. म्हणून थ्री-वे हवाच. एका तोंडाला रंगीत पाण्याच्या ग्लासातली नळी, दुसऱ्याला मोठी सिरिंज, तिसऱ्याला छोटी. पाणी ओढा, चावी फिरवा, दाबा, चावी फिरवा, परत ओढा. जॅक मारल्यासारखं रॅम टप्प्याटप्प्याने खाली येतो, आणि चावी बंद केली की दाब धरून ठेवतो, अंगठा काढला तरी.

मोठी सिरिंज नोझल वर करून लावायची, तिचे दोन कान ब्रिजच्या बीमखाली अडकवायचे म्हणजे उलटा जोर कानांवर येतो. बाजूची फट सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्याने भरली. आणि हवेचे बुडबुडे एकूण एक काढा, सिरिंजवर टिचक्या मारत. एक मोठा बुडबुडा राहिला तरी हाताला लगेच कळतं, दांडा स्पंजसारखा लागतो, कारण तुमचा अर्धा स्ट्रोक हवा दाबण्यातच जातो.

ही आयडिया जुनी आहे. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो हा पास्कलचा नियम सतराव्या शतकातला पण त्यावरचा चालणारा प्रेस इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये पेटंट केला, म्हणजे मधे सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं गेली. ब्रामा मुळात कुलपं बनवण्यासाठी गाजलेला माणूस. त्याच्या प्रेसची डोकेदुखी होती गळती. घट्ट पॅकिंग घातलं तर रॅम अडकतो, सैल घातलं तर पाणी बाहेर. त्यावर चामड्याची वाटीसारखी सील आली, त्याचं श्रेय त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्सलेला देतात. पाण्याचा दाबच चामड्याची कड बाहेर भिंतीवर दाबतो, दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट, दाब गेला की सैल. घरी जुना रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह असेल तर त्याच्या पंपातला चामडी वॉशर काढून बघा, तीच वाटी. मला विचाराल तर मशीनच्या जगात याच्याइतक्या सुंदर गोष्टी फार थोड्या आहेत, आणि मुलांना प्रेस दाखवताना हे सांगायलाच हवं.

टेस्ट कशी केली, तर किचनचा १० किलोचा डिजिटल काटा रॅमखाली ठेवला. आकडे भराभर चढत गेले, दहा ओलांडले आणि स्क्रीनवर एरर. त्यापुढचं मोजता आलं नाही पण दाबायला जागा शिल्लक होती. लिंबू पूर्ण पिळलं, शाडूच्या गोळीची पातळ चकती झाली, अक्रोड मात्र फुटला नाही. सगळ्यात भारी झालं ते अॅल्युमिनियम फॉइल. बेडवर, म्हणजे रॅमखालच्या तळावर, लेगोची प्लेट, त्यावर किचन फॉइलचा तुकडा, त्यावर खोडरबर, आणि दाब. उचलून बघतो तर फॉइलवर सगळे स्टड गोल गोल उमटलेले आणि प्रत्येक स्टडच्या डोक्यावर आपण नीट बघतही नाही ती LEGO ही कंपनीच्या नावाची चार इंग्रजी अक्षरं, तीसुद्धा उजेडात तिरकं धरल्यावर वाचता येत होती. खाली कडक डाय आणि वर रबर, ही खरीखुरी पद्धत आहे, विमानांचे पातळ पत्रे रबर पॅडने असेच फॉर्म करतात. भाचीने ते तुकडे वहीत चिकटवलेत.

लेगोचे स्वतःचे न्यूमॅटिक सिलेंडर आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत, १९८४ पासून आहेत, २०२१ च्या ४२१२८ नंबरच्या टो ट्रकमध्येही होते, आणि क्रेन, एक्स्कॅव्हेटर हलवायला झकास. पण ते हवेसाठी बनवलेत, त्यात पाणी घालू नका, आतलं ग्रीस जातं आणि धातूचा दांडा गंजू शकतो. शिवाय हवेवरचा प्रेस लुसलुशीत, जॉब फुटला की रॅम एकदम धाडकन खाली येतो. प्रेसला पाणीच बरं.

पैशाचं बोलायचं तर टेक्निक आपल्याकडे महाग आहे. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के केली होती, त्याचा फटका बसलाच. फक्त प्रेससाठी नवा मोठा सेट घ्या असं मी म्हणणार नाही, सेकंडहँड टेक्निकचे सुटे पार्ट किलोवर विकणारे ग्रुप आहेत तिथे बघा, ब्रिकची मापं १९५८ पासून तीच आहेत, टेक्निक १९७७ चं, जुनं-नवं सगळं एकमेकांत बसतं. स्वस्तातले कंपॅटिबल बीमही आणून बघितले, दिसायला सेम, पण पिन काही भोकात जाईना आणि काहीत खुळखुळते, आणि जोर आला की भोकं लांबट होतात. शोपीसला चालतील, फ्रेमला अजिबात नको.

मुलांनी चालवताना डोळ्याला चष्मा लावा, आणि बोट रॅमखाली घालायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून, १६ किलो छोट्या बोटाला खूप होतात. काम झाल्यावर पाणी काढून सिरिंज उघड्या वाळवा. महिनाभर तशीच ठेवली की रबर भिंतीला चिकटतं आणि दांडा झटके खात चालतो, तेव्हा तेल घालत बसू नका, खाण्याच्या तेलाने काळं रबर फुगतं. सिरिंज नवीन आणा. फ्रेम तीच राहते.