कॅनाल धुण्याच्या तीन पद्धती: आठ महिन्यांनंतर

रूट कॅनाल करताना दाताच्या मुळातला कॅनाल, म्हणजे बारीक नळी, मी तीन पद्धतींनी धुतो: सिरिंज, कोन आणि अल्ट्रासॉनिक टिप (अतिशय वेगाने कंप पावणारी बारीक टिप). ही टिप मी आठ महिन्यांपूर्वी घेतली, खालच्या पहिल्या दाढीच्या मेसिअल (पुढच्या बाजूच्या) मुळामुळे. त्या मुळातले दोन्ही कॅनाल नीट रुंद करून झाले, हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) भरपूर वापरलं, तरी लूप्समधून (भिंगाच्या चष्म्यातून) पाहिलं की कॅनालच्या दोन तोंडांच्या मधल्या फटीत पल्पचा, म्हणजे दातातल्या मऊ ऊतीचा, धागा अडकलेला दिसायचा. फाइल (कॅनाल खरवडून रुंद करणारी बारीक सळई) त्या फटीत जातच नाही. २००१ मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी वरच्या दाढांवर मायक्रो-सीटीने (अतिसूक्ष्म सीटी स्कॅनने) दाखवलं होतं की, फाइल वापरायची पद्धत कुठलीही असो, कॅनालच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलला लागतच नाही. तिथली सफाई पाण्यावर, म्हणजे हायपोवरच.

आधी सिरिंजबद्दल, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथेच होती. ३० गेजची साइड-व्हेंट (टोकाऐवजी बाजूला भोक असलेली) सुई साधारण ०.३ मिमी जाड असते. कॅनाल ३० नंबरच्या फाइलपर्यंत (टोकाशी ०.३ मिमी) रुंद नसेल तर ती खाली उतरत नाही आणि हायपो सुईच्या टोकापुढे जेमतेम एक-दीड मिमी पोचतं. मी वर्षानुवर्षं ती मध्यावरच अडकवून धुवत होतो! आता सुईला रबर स्टॉप लावतो, वर्किंग लेंग्थच्या (कॅनालच्या मोजलेल्या लांबीच्या) दोन मिमी आधी थांबतो, सुई सैल आहे ना हे पाहतो आणि अंगठ्याऐवजी तर्जनीने हळू दाबतो. हायपो अपेक्सबाहेर (मुळाच्या टोकाबाहेर) गेलं तर पेशंटला क्षणात असह्य वेदना होतात, चेहरा सुजतो. इथे घाईला जागा नाही.

दुसरी पद्धत फुकटात पडते. मास्टर कोन (शेवटी कॅनाल भरायला वापरतो तो गट्टा-पर्चाचा कोन) हायपोने भरलेल्या कॅनालमध्ये घालून दोन-तीन मिमी वरखाली करायचा, मिनिटाला शंभरेक वेळा. तळाशी अडकलेला हवेचा बुडबुडा यानेच फुटतो. हात दुखतो, पण वळणदार कॅनालमध्ये मला याच्याइतकं भरवशाचं काही सापडलं नाही.

अल्ट्रासॉनिकचा फरक डोळ्यांना दिसतो. टिप चालू होताच स्वच्छ वाटणारं हायपो गढूळ होतं आणि डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण भागाचा) भुसा वर येतो. मी २० सेकंदांच्या तीन फेऱ्या करतो आणि प्रत्येक फेरीआधी हायपो बदलतो. टिप भिंतीला टेकली की तिची कंपनं मंदावतात आणि ती भिंत खरवडते. तिसऱ्या महिन्यात वळणावर जोर दिला आणि टिप मोडली. तुकडा निघाला, पण पाऊण तास गेला. पेशंट काकू शांत बसून होत्या, माझाच जीव वरखाली झाला.

क्रम कुठल्याही पद्धतीत बदलत नाही: हायपो, मग १७ टक्के ईडीटीए (भिंतीवरचा डेंटिनचा थर काढणारं द्रावण) एक मिनिट, मग पुन्हा हायपो. ईडीटीए आणि हायपो एकत्र आले की हायपोचं क्लोरीन वाया जातं. हायपोवर थेट क्लोरहेक्सिडीन (हे दुसरं जंतुनाशक) सोडलं तर तपकिरी साका बसतो, म्हणून मधे सलाइनने धुवा. आणि बाटली! उघडी आणि उजेडात राहिलेलं हायपो कमजोर होतं. गडद बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायला आमच्या असिस्टंट ताईंनी सुरुवात केली.

मुळाशी हाड अधिक लवकर भरतं का, हे आठ महिन्यांच्या आरव्हीजीवरून (दाताच्या डिजिटल एक्स-रेवरून) मी सांगणार नाही. खालच्या दाढांत आणि सी-आकाराच्या कॅनालमध्ये टिप माझ्या ट्रेमध्ये कायम राहील. सरळ, एकच कॅनाल असलेल्या पुढच्या दातांत मी ती बाहेरही काढत नाही, तिथे सुई आणि कोन पुरतात.