रात्रशाळेचे सात महिने आणि 'पुसू नये'

सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आणि महापालिकेची निवडणूक एकाच आठवड्यात आली, त्यामुळं मी दहावीला बसते ती रात्रशाळा मध्ये बंदच होती. सोमवारी संध्याकाळी वर्गात गेले तर फळा गायब. म्हणजे भिंतीवर होता, पण त्याच्या बरोबर मधोमध दिवसाच्या शाळेनं भला मोठा टच स्क्रीन बसवलाय. त्याला लाकडी पेटी, पेटीला कुलूप, आणि किल्ली दिवसाच्या हेडसरांच्या कपाटात. फळा उरलाय तो दोन्ही बाजूंना बारा-बारा इंच. मोजूनच सांगते, टेप माझ्या पिशवीत कायम असतो. मागच्या बाकावरचा हॉटेलातला पोरगा म्हणाला, "काकू, सर आता प्रमेय कुठं लिवणार ओ, माझ्या पाठीवर?"

रात्रशाळेबद्दल लिहायचं जुलैपासून मनात होतं. ते आज रागात लिहून होतंय, तेव्हा मार्क आधीच देऊन टाकते: पाचपैकी साडेतीन. एक फळ्याचा कापलाय आणि अर्धा बाथरूमच्या किल्लीचा. उलटं कापायला हवं होतं हे मलाही कळतं.

मी गारमेंटमध्ये शाळेचे गणवेश शिवते. माझ्याकडं कॉलर आणि कफ. 2003 मध्ये दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी वडिलांचं काम सुटलं, फॉर्मचे पैसे राहिले ते राहिलेच. आता अडतीस वर्षं वय. आमच्या युनिटमध्ये लाइन सुपरवायझर व्हायचं तर दहावी पास लागते. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी सुपरवायझर झाली त्या दिवशी मी चौकशी सुरू केली.

सगळ्यांनी आधी 17 नंबरच सांगितला. 17 नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगी विद्यार्थी. अर्ज ऑनलाइन भरायचा, बोर्ड एक शाळा संपर्क केंद्र म्हणून देतं, तोंडी-प्रात्यक्षिक तिथं द्यायचं आणि अभ्यास आपला आपण करायचा. ज्याला घरी शिकवणारं कोणी आहे त्याला हे ठीक. मला 'चल' आणि 'अचल' यातला फरक विसरायला झाला होता. मग एका क्लासवाल्याकडं गेले. 'पासची गॅरंटी' म्हणे, चौदा हजार. मला एका कॉलरला अडीच रुपये मिळतात. पाच हजार सहाशे कॉलरी. ऑफिसातून उतरताना जिन्यातच हिशोब केला आणि परत त्या जिन्यानं वर गेले नाही.

रात्रशाळेत माझा आतापर्यंतचा सगळा खर्च, बोर्डाची फी, वह्या, जुना दाखला काढायला मारलेले रिक्षाचे हेलपाटे, सगळं धरून पंधराशेच्या आत आहे. पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट उतरवता येतात, पण मोबाइलवर वाचून डोळे दुखतात म्हणून विकत घेतली. पुढच्या वर्षी तीच धाकट्याला होतील. तो नववीत आहे. 'आईनं पेन्सिलनं लिहून ठेवलेली पुस्तकं मी नेणार नाही' असं त्यानं आत्ताच सांगून ठेवलंय. नेईल.

तर धाकटा नववी ब मध्ये, आणि आमची रात्रशाळा भरते ती त्याच इमारतीत, नेमकी नववी ब च्याच वर्गात. साडेसहा ते नऊ. मी सहाला मशीन बंद करते, पिशवीत शेंगा चटणी आणि भाकरी असते ती पहिल्या तासाच्या आधी खाते. गणवेशाचा सीझन म्हणजे एप्रिल ते जून, तेव्हा ओव्हरटाइम नाही म्हणता येत नाही. म्हणून सगळ्या पोरांचे गणवेश शिवून होईपर्यंत माझीच शाळा सुरू झाली नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जाऊन बसले.

आणि पहिल्याच दिवशी बघितलं की फळ्यावर खडूनं मोठी चौकट मारलेली, आत दिवसाच्या सरांनी भूमितीची आकृती आणि उदाहरण लिहिलेलं, आणि कोपऱ्यात 'पुसू नये'. खाली तीन रेघा. फळा आठ फुटी, म्हणजे शहाण्णव इंच. चौकट अठ्ठावन्न इंच. आम्हाला अडतीस.

हसू नका. अडतीस इंचात इतिहास शिकवता येतो, भूमिती शिकवता येत नाही. प्रमेय म्हटलं की आकृती आली, पक्ष, साध्य, रचना, मग सिद्धता. पायथागोरसच्या सिद्धतेत काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकायचा, तीन त्रिकोण एकमेकांना समरूप दाखवायचे. सर आकृती काढायचे, पक्ष-साध्य लिहायचे, आणि जागा संपली की आकृती पुसून सिद्धता लिहायचे. आता कुठला त्रिकोण कुठल्याशी समरूप, ते आम्ही हवेत बघायचं. मी एकदा विचारलं, "सर, ती चौकट पुसली तर?" सर म्हणाले, "ताई, इमारत त्यांची आहे. आपण पाहुणे."

सरांचा राग येत नाही हेही खरं. 2017 मध्ये सरकारनं दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळांतून काढलं, तेव्हा इथं गणिताचा तास बरेच महिने रिकामा जायचा असं जुनी माणसं सांगतात. अडतीस इंच तर अडतीस, समोर माणूस उभा आहे. आणि शिकवतो चांगलं. उरेब पट्टीचं, म्हणजे कापड तिरकं कापून काढतात त्या पट्टीचं, उदाहरण त्यांना मीच दिलं. छत्तीस इंची चौकोनी कापड कोपऱ्याला कोपरा लावून दुमडलं की घडी एक्कावन्न इंच भरते, हे मला पंधरा वर्षं हातानं माहीत आहे. सरांनी छत्तीसचा वर्ग अधिक छत्तीसचा वर्ग केला, वर्गमूळ काढलं, पन्नास पूर्णांक नऊ आलं. मी म्हटलं, एक दशांश इंच शिलाईत जातो. वर्ग हसला. पण पायथागोरस मला त्या दिवशी कळला तो कळला.

ऑगस्टमध्ये मी उपाय केला. चार बाय तीनचा गुंडाळी फळा आणला, चारशे वीस रुपये. वर्गात आम्ही एकवीस जण, प्रत्येकी वीस. नऊ जणांनी दिले, त्यात मी एक. बाकी बारा जणांचे माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. फळा फालतू निघाला. खिळ्याला अडकवला की खालून वळतो, खडू सरकतो, सरांच्या बाहीला काळं लागतं. गणपती येईपर्यंत तो कपाटामागं गेला.

किल्लीचं इथंच सांगून टाकते. बायकांच्या बाथरूमची किल्ली वॉचमनकडं असते आणि वॉचमन साडेसातला चहाला जातो. आम्ही सात बायका आहोत, आम्ही सहानंतर पाणी पीत नाही. माझ्या शेजारी विडी वळणारी अक्का बसते, सातवीपर्यंत तेलुगू माध्यमात शिकलेली. तिला भूमिती येते, मराठीचा पेपर येत नाही. पाणी येतं त्या दिवशी ती हमखास गैरहजर, कारण चार-पाच दिवसांनी नळ येतो आणि भरणारं दुसरं कोणी नाही. हे सगळं फळ्यापेक्षा मोठं आहे. पण मला राग फळ्याचा येतो, काय करू.

सप्टेंबरमध्ये मात्र माझं मत फिरलं. एके दिवशी सर आले नव्हते. बसून काय करायचं म्हणून मी चौकटीतलं उतरवून घेतलं. समांतर रेषा, छेदिका, व्युत्क्रम कोन. नववीचाच धडा, पण तो मी 2002 मध्ये शिकून विसरले होते, आणि दहावीची समरूपता उभी आहे ती यावरच. ते उतरवताना मागचं दोन महिन्यांचं कोडं सुटत गेलं. घरी येऊन सहज धाकट्याची वही मागितली. तारीख होती, 'समांतर रेषा' असं शीर्षक होतं, त्याला लाल पेननं दोन रेघा होत्या. खाली काही नाही.

"आज सरांनी काही लिवलंच नाही," म्हणाला.

मी माझी वही उघडून समोर ठेवली.

त्या दिवसापासून मी रोज पाच मिनिटं आधी जाऊन चौकट उतरवायला लागले. ज्या 'पुसू नये' वर मी जुलैपासून दात खात होते, तीच आता माझी फुकटची उजळणी आणि पोरावरची नजर. तो म्हणतो, "आमच्या वर्गातल्या पोरांना कळलं तर मी शाळेत जाणार नाही." जातो. वही मात्र भरायला लागली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी साडेतीनाचे चार करणार होते.

मग नोव्हेंबर. एक उदाहरण चौकटीत अकरा दिवस तसंच राहिलं. तारखेसकट. चौकोनाचं होतं, अर्धवट सोडवलेलं. पालकसभेत मी उभी राहिले आणि विचारलं, नववी ब चा भूमितीचा तास अकरा दिवस झाला नाही का? दिवसाचे सर चमकले. "तुम्हाला कोणी सांगितलं?" म्हटलं, "कोणी नाही. रात्री मी त्याच वर्गात बसते." सभेत दोन बाया हसल्या. सर हसले नाहीत. मतदार यादीच्या कामाला त्यांना घरोघर पाठवलं होतं, तास कोणी घेतला नाही, आल्यावर पुढचं लिहायचं म्हणून चौकट ठेवली होती. यात त्यांची चूक काढायला मला जागा उरली नाही. उलट सभा संपल्यावर त्यांनीच थांबवलं. "ताई, आमच्या लिहिण्याचा तुम्हाला त्रास होतो का?" मी खोटं बोलले नाही. होतो म्हटलं. इंचही सांगितले.

पुढच्या आठवड्यापासून चौकट छत्तीस इंचांवर आली. आम्हाला साठ! आकृती डावीकडं ठेवून सिद्धता उजवीकडं, आमच्या सरांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. अर्थनियोजनाचा अख्खा धडा त्या साठ इंचांवर झाला. त्यात जीएसटी आहे, केंद्राचा अर्धा, राज्याचा अर्धा. पोरांना वाटतं हा काहीतरी पुस्तकी प्रकार. मी सांगितलं, आपल्या गणवेशावर 5 टक्के लागतो. आधी हजारापर्यंतच्या कपड्याला होता, सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंत झालाय. सर म्हणाले, बरोबर, पण पेपरात प्रश्नात जो दर दिला असेल तोच धरायचा, बाहेरची हुशारी नको. मुकाट्यानं वहीत लिहून घेतलं.

चार दिवसांनी धाकटा घरी येऊन म्हणाला, "सर आता एवढं बारीक लिहितात, मागून काहीच दिसत नाही." बसतो कुठं? शेवटच्या बाकावर. पुढं बस म्हटलं तर पुढं उंच पोरांना बसू देत नाहीत. म्हणजे विद्यार्थी म्हणून मी जे भांडून मिळवलं ते पालक म्हणून माझ्याच अंगावर आलं. मी पुन्हा सभेला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? रात्री चौकट उतरवते आणि सकाळी त्याच्या दप्तरात कागद टाकते.

असं डिसेंबरभर नीट चाललं होतं, तर आता हा स्क्रीन. माजी विद्यार्थ्यांनी दिलाय. सोमवारी सकाळी नववी ब च्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला, हार घातलेला, हेडसर शेजारी उभे. पन्नासेक अंगठे पडले. त्यात एक माझा आहे. संध्याकाळी वर्गात जाऊन बघेपर्यंत मला सुचलंच नाही की तो लागलाय कशावर. दिवसाच्या सरांना आता चौकटही मारावी लागणार नाही. पोरगा सांगतो, लिहिलेलं सगळं आत साठतं. आत म्हणजे कुलपाच्या आत. माझी उजळणी गेली, त्याच्यावरची नजरही गेली.

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. सहाशे मार्क, त्यातले चांगले पाच विषय धरून पाचशे. गणितात भाग एक आणि भाग दोन म्हणजे भूमिती, चाळीस-चाळीस. मला भूमितीत वीस पडले तरी चालतील असं सर म्हणतात. मला चालणार नाहीत.

तुम्ही सोलापुरात असाल आणि दहावी राहिली असेल तर रात्रशाळेत या, क्लासवाल्याच्या जिन्यानं चढू नका. येताना जुना शाळा सोडल्याचा दाखला आधी काढून ठेवा, माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं असेल तर त्याचे कागद जोडून. सहानंतर पाणी पिऊ नका.

मंगळवारी कपाटामागून गुंडाळी फळा काढला. वरची कड उसवली होती. डब्याच्या सुट्टीत युनिटमध्ये तिला पट्टी लावून डबल शिलाई मारली, खालच्या बाजूला कडेत लोखंडी सळई घातली म्हणजे वळणार नाही. काल तो स्क्रीनच्या पेटीच्या कुलपाला सुतळीनं अडकवला. सरांनी त्यावर वर्तुळ काढलं, स्पर्शिका काढली, खडू सरकला नाही. तास संपल्यावर मी वहीचं शेवटचं पान उघडून दारात उभी राहिले. पाच जणांनी तिथंच वीस-वीस दिले. सात जणांकडून अजून एकशे चाळीस येणं आहे.