घट्ट कडी की मोकळी कडी: काउंटरसिंक बीट घेण्यापूर्वी

एका बीटने भोक पाडायचे, ते काढून दुसऱ्याने काउंटर मारायचा (म्हणजे स्क्रूचे डोके लाकडाशी समपातळीत बसावे म्हणून भोकाच्या तोंडाशी शंकूसारखा खळगा करायचा) आणि पुढच्या भोकासाठी पुन्हा पहिले चढवायचे, असे चाळीस-पन्नास स्क्रूंचे काम ज्यांनी एकदा केले आहे, त्यांना ही दोन्ही कामे एकाच दाबात करणारे बीट कशासाठी हवे हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांना अडवणारा प्रश्न पुढचा असतो. खोली कमीजास्त करता येणारी अशी बीटे मुख्यतः दोन घडणींची मिळतात आणि छायाचित्रात ती बरीचशी सारखी दिसतात. पहिल्या घडणीत काउंटर मारणारा शंकू आणि त्याच्या वरची, ठरलेल्या खोलीवर बीटला अडवणारी थांब-कडी या दोन्ही वस्तू ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने, आवळलेल्या असतात आणि बीटबरोबर फिरतात. दुसऱ्या घडणीत कडी बेअरिंगवर बसवलेली असते, त्यामुळे लाकडाला टेकताक्षणी कडी थांबते आणि आतले बीट फिरत राहते. एवढ्याशा फरकासाठी मी घेतलेल्या दुसऱ्या घडणीच्या एका बीटला पहिल्या घडणीच्या चार बीटांच्या अख्ख्या संचाहून अधिक पैसे पडले. पहिली घडण मी सहा वर्षे वापरली, दुसरी गेली दोन वर्षे वापरतो आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्या अनुभवावर आधारलेले आहे, मोजमापांवर नव्हे.

बीट आणि शंकू एकाच तुकड्यात घडवलेले, काहीही न सरकणारे असे तिसरे बीटही बाजारात असते. ते मजबूत असते हे खरे, परंतु भोकाची लांबी कायमची ठरून गेलेली असते आणि तीन मिलिमीटरचे टोक मोडले की सगळेच टाकून द्यावे लागते. एकाच लांबीचे स्क्रू वर्षभर लावणाऱ्या कारखान्यासाठी ते योग्य असेलही. घरच्या कामासाठी मी त्याचा विचार सोडून दिला.

पहिल्या घडणीचा माझा संच पुण्याच्या बोहरी आळीतून घेतलेला आहे. त्यातली बीटे टोकाकडे निमुळती होत जाणारी आहेत आणि हा या घडणीचा खरा गुण आहे, असे मला अजूनही वाटते. जुन्या पद्धतीच्या, विशेषतः पितळी स्क्रूचा गाभा टोकाकडे बारीक होत जातो, म्हणून निमुळत्या भोकात त्याचे सगळे आटे सारखे पकड घेतात. बल्लारशाच्या सागवानात पितळी स्क्रू सरळ आणि किंचित अरुंद भोकात पिळून बसवू पाहाल, तर तो डोक्यापाशी तुटण्याचा संभव असतो, आणि आत अडकलेला तुकडा काढणे हे नवीन भोक पाडण्याहून कितीतरी त्रासाचे काम आहे. निमुळत्या बीटने ही भीती बरीच कमी होते. तरीही आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू बसवून काढावा आणि मग पितळी स्क्रूच्या आट्यांना थोडे मेण लावून तो बसवावा, हा रिवाज मी सोडलेला नाही. अमेरिकेतील फुलर कंपनीची निमुळती बीटे या कामासाठी नावाजलेली आहेत. मात्र आज प्लायच्या कामात जे स्क्रू सर्रास वापरले जातात त्यांचा गाभा जवळजवळ सरळ असतो, त्यांना साधे सरळ बीट पुरते, आणि निमुळतेपणाचा लाभ तिथे फारसा जाणवत नाही.

या घडणीविषयी सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार अशी, की ग्रब स्क्रू ढिला होऊन शंकू वर सरकतो. मला ती तक्रार अर्धीच खरी वाटते. ग्रब स्क्रूचे टोक बीटच्या गोल पाठीवर टेकवून आवळले तर शंकू सरकणारच; ते बीटच्या खोबणीत बसेल असे शंकू फिरवून घ्यावे आणि मग एलन कीने आवळावे. त्याच वेळी शंकूची खोबण बीटच्या खोबणीला जुळली आहे ना, हेही पाहावे, कारण भुसा त्याच वाटेने बाहेर येतो आणि वाट बुजली की बीट तापते. एवढी काळजी घेतल्यावर माझा शंकू वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच सरकला असेल. केवळ या कारणाने कोणी दुप्पट-चौपट पैसे खर्च करावेत, असे मी सुचवणार नाही.

माझा निर्णय ज्या गोष्टीने केला ती वेगळीच होती. मी घरासाठी सागवानी देव्हारा करत होतो. दर्शनी चौकटीवर पितळी स्क्रूंची डोकी लाकडाशी समपातळीत दिसावीत, अशी इच्छा होती. देव्हाऱ्याचे आतले कोपरे जोडणीनंतर नीट पॉलिश होत नाहीत, म्हणून सगळे भाग आधी पॉलिश करून घेतले आणि मग भोके पाडायला बसलो. पहिल्या भोकाला काउंटर उत्तम झाला, खोली हवी तेवढीच आली, आणि बीट उचलून पाहतो तर भोकाभोवती एक काळसर, चकचकीत वर्तुळ उमटलेले होते. शंकूबरोबर फिरणारी कडी पॉलिशवर घासली गेली होती. पॉलिश त्या घर्षणाने मऊ होऊन करपले होते आणि खालच्या सागवानाचे तंतू दबून काळवंडले होते. छत्तीस भोके पाडायची होती.

मी बरेच उपाय करून पाहिले आणि ज्यांच्याकडे हेच बीट आहे त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून ते सांगतो. मास्किंग टेप लावली, तर ती दोन-तीन भोकांनंतर कडीभोवती गुंडाळली जाऊ लागली. कडीखाली प्लास्टिकचा वॉशर ठेवला, तर वॉशरही फिरू लागला, शिवाय त्याच्या जाडीएवढी कडी पुन्हा वर सरकवून बसवावी लागली. ड्रिलचा गियर एकवर ठेवून वेग कमी केला, तेव्हा करपणे थांबले, परंतु दबलेल्या तंतूंचे फिकट वर्तुळ राहिलेच. शेवटी कडी लाकडाला लागण्याच्या अगदी आधी हात उचलायचा, असे ठरवले, आणि त्यातून खरा दोष माझ्या लक्षात आला. कडी कशासाठी असते? डोळे भोकावर खिळवून न ठेवता, निर्धास्तपणे बीट शेवटपर्यंत दाबता यावे आणि प्रत्येक काउंटर सारखाच खोल यावा, यासाठी. इथे मात्र मी कडीलाच घाबरून प्रत्येक भोकाशी किंचित आधी थांबत होतो. एखादे डोके अर्धा मिलिमीटर वर, एखादे पाव मिलिमीटर खाली, असे ते छत्तीस स्क्रू बसले. पितळेवर उजेड पडला की तो फरक आजही स्पष्ट दिसतो, आणि रोज सकाळी निरांजन लावताना तो माझ्या नजरेला पडतो.

दुसऱ्या घडणीचे बीट त्यानंतर काही महिन्यांनी घेतले. पहिल्यांदा ते वापरताना सवयीने हात आखडला होता. नंतर पॉलिश केलेल्याच एका फळीच्या तुकड्यावर मी ते मुद्दाम जोरात, पूर्ण वेगाने दाबले. कडी टेकली, जागच्या जागी थांबली, आतला शंकू क्षणभर फिरत राहिला आणि काउंटरची कड स्वच्छ झाली. पॉलिशवर काहीही उमटले नव्हते. त्यातूनच हे कळले, की शेवटच्या क्षणी बीट दाबून ठेवून शंकूला एक-दोन फेरे मोकळे फिरू दिले, की काउंटरच्या भिंतीवरचे थरथरीचे कंगोरे निघून जातात. घट्ट कडीच्या बीटने हे करण्याची सोयच नव्हती, कारण तो जास्तीचा क्षण म्हणजे आणखी करपणे होते.

या घडणीतही उणिवा आहेत आणि त्या किमतीपुरत्या मर्यादित नाहीत. बेअरिंगमध्ये सागवानाची तेलकट भुकटी शिरते आणि कडी जड फिरू लागते. ती पूर्ण अडकली, तर महागडे बीट पहिल्या घडणीचेच होऊन बसते, म्हणून दर दहा-बारा भोकांनी कडी बोटाने फिरवून पाहावी आणि ब्रशने झटकावी. मी तिला तेल देत नाही, कारण तेल लाकडावर उतरले तर तिथे पॉलिश धरत नाही. दुसरी उणीव दिसण्याची आहे. माझ्या बीटच्या कडीचे अंग रुंद आहे, त्यामुळे बीटचे टोक पेन्सिलच्या खुणेवर टेकले आहे की नाही हे वरून दिसत नाही. मी प्रत्येक खुणेवर आधी टोच्याने खळगा करतो आणि बीट त्या खळग्यात चाचपून बसवतो. तिसरी उणीव मला सर्वांत जास्त जाणवते: कपाटाच्या आतल्या कोपऱ्याजवळ, बाजूच्या फळीला लागून भोक पाडायचे असेल तर कडी त्या फळीवर आदळते आणि भोक तिरके जाते.

उलट एक फायदा असा आहे, की माझ्या या बीटमध्ये साधे सरळ तीन मिलिमीटरचे ड्रिल बसते. ते मोडले, तर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानातून दुसरे आणून दोन मिनिटांत बदलता येते. निमुळत्या बीटचे तसे नाही. माझ्या संचातले आठ नंबरच्या स्क्रूचे (स्क्रूची जाडी अशा नंबरांनी सांगतात) बीट मोडले, तेव्हा बदली बीट मिळवायला मला तीन आठवडे लागले होते.

घेण्यापूर्वी दोन्ही घडणींत सारख्याच तपासाव्यात अशा दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे शंकूचा कोन. अमेरिकी मापाच्या स्क्रूंचे डोके ८२ अंशांचे असते आणि मेट्रिक मापाच्या स्क्रूंचे ९० अंशांचे. बाहेरून येणारे बरेच संच ८२ अंशांचे असतात. त्यांत ९० अंशांचा स्क्रू बसवला, तर डोक्याची वरची कडच तेवढी लाकडाला टेकते आणि खाली पोकळी राहते. मऊ लाकडात हे कळतही नाही, सागवानात मात्र आवळताना कडेची चीर उठते. दुसरी गोष्ट धारेची. प्लायमधला गोंद वाळून काचेसारखा कठीण झालेला असतो आणि तो साध्या एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या) धारेला लवकर बोथट करतो. जिथे प्लायचेच काम अधिक आहे तिथे कार्बाइडच्या धारेचा शंकू घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आणखी एक मर्यादा दोघांनाही लागू आहे आणि ती बीट विकणारे सांगत नाहीत. दोन फळ्या एकमेकींवर ठेवून एकाच दाबात भोक पाडले, की वरच्या फळीतले भोकही खालच्या इतकेच अरुंद असते. स्क्रूचे आटे मग वरच्या फळीतही पकड घेतात आणि दोन फळ्यांमध्ये राहिलेली फट आवळूनही मिटत नाही. म्हणून स्क्रू पूर्ण बसेपर्यंत फळ्या क्लॅम्पने घट्ट दाबून ठेवाव्यात, किंवा वरच्या फळीतले भोक स्क्रूच्या जाडीहून किंचित मोठे, म्हणजे आठ नंबरसाठी सुमारे साडेचार मिलिमीटर, नंतर करून घ्यावे. निमुळते बीट वरच्या बाजूला थोडे रुंद भोक पाडते, त्यामुळे हा त्रास त्यात किंचित कमी होतो, हे मान्य करायला हवे.

तेव्हा निवड कोणी कशी करावी? जे कच्च्या लाकडावर भोके पाडून नंतर घासकाम आणि पॉलिश करतात, जे प्लायवर स्क्रू मारून त्यावर सनमायका चिकटवतात, किंवा जे काउंटर खोल घेऊन वर लाकडी बूच बसवतात, त्यांच्या कामात कडीची खूण पुढे झाकलीच जाते. त्यांना पहिल्या घडणीत मला तरी काही अडचण दिसत नाही, आणि जुन्या पद्धतीच्या पितळी स्क्रूंचे काम असेल तर ती कदाचित अधिक चांगली ठरेल. परंतु ज्यांच्या कामात स्क्रूचे डोके शेवटपर्यंत दिसणार आहे आणि पृष्ठभाग आधीच तयार झालेला आहे, त्यांनी सहा-आठ-दहा नंबरचा पूर्ण संच घेण्याऐवजी मोकळ्या कडीचे आठ नंबरचे एकच बीट घ्यावे, असे मी नम्रपणे सुचवेन. घरच्या फर्निचरमध्ये माझे दहापैकी आठ स्क्रू त्याच मापाचे असतात. पैसे वाचतील हा हिशेब मीही सहा वर्षे केला होता, आणि त्या वर्षांत टेप, वॉशर आणि पुन्हा पॉलिश करण्यात जे दिवस गेले ते मी त्यात कधी धरलेच नाहीत.

नवीन बीट हातात आल्यावर पहिली खोली त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर, त्याच स्क्रूने जुळवावी. डोके नखाला लागणार नाही इतके खाली बसले, की कडी आवळावी आणि तो तुकडा स्क्रूसकट जपून ठेवावा; पुढच्या कामाच्या वेळी बीटचे टोक आणि कडी त्यावर टेकवून खोली जुळवता येते. जुना संच मी टाकून दिलेला नाही. त्यातले आठ नंबरचे बीट कडी काढून वेगळ्या डबीत ठेवले आहे, आणि कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे मोकळी कडी पोचत नाही, तिथे अजूनही मी तेच वापरतो.