गॅसची चावायची गोळी : आठ महिन्यांनंतर

पहिले दोन महिने या गोळीला मी शिव्याच घातल्या. चूक माझी होती, पण अर्धीच. ‘चावून खा’ हे स्ट्रिपच्या मागे इतक्या बारीक अक्षरांत छापलंय की चष्मा लावूनही दिसत नाही. मी आपला पाण्याबरोबर गिळत होतो आणि पोटाचा नगारा तसाच. पुढच्या बाजूला मात्र पुदिन्याचं पान केवढं मोठं!

आत सिमेथिकोन असतं, म्हणजे सिलिकोनचं तेल आणि सिलिकाची बारीक पूड. ते चावून पोटात नीट पसरलं तर काम करतं. डाळ उतू जाऊ नये म्हणून आई तेलाचा थेंब टाकायची, तसलाच प्रकार. बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वरची किंवा खालची वाट धरतात. गॅस तयार व्हायचा थांबत नाही. वालाची उसळ हाणून चमत्काराची वाट बघू नका. औषध रक्तात जात नाही, आलं तसं बाहेर पडतं. नातवाच्या पोटदुखीला याचेच थेंब आणले होते, ते पैसे फुकट गेले. तान्ह्या बाळांच्या पोटशूळावर चाचण्यांतही ते बिनऔषधी थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत.

तरी मत सुधारलं ते मेहुण्यांच्या बायपासच्या वेळी. हार्ट-लंग मशीन, म्हणजे शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र, चालवणाऱ्या मुलाशी गप्पा झाल्या. छातीतून ओढून घेतलेल्या रक्ताला फेस येतो, म्हणून ते साठवायच्या भांड्यातल्या स्पंजला याच जातीच्या सिलिकोनचा लेप असतो. १९५५ साली अमेरिकेत मिनेसोटात डीवॉल आणि लिलेहाय या डॉक्टरांनी रक्तात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडणारं यंत्र वापरलं, तेव्हाही फेस मोडायला ‘अँटीफोम ए’ हे असलंच सिलिकोन होतं. तो मोडला नाही तर बुडबुडा मेंदूत. तेव्हा सिलिकोनचेच कण रक्तात सुटायची भीतीही होती म्हणे. आणि मी इथे ढेकरासाठी कुरकुरतोय!

माझ्या एंडोस्कोपीआधीही हेच पाण्यात घालून पाजलं होतं, फेस गेला की कॅमेऱ्याला नीट दिसतं. ते बेचव होतं. म्हणजे पुदिन्याचे पैसे उगाच. शिवाय गोळी चावली की दातांत खडू अडकल्यासारखं होतं ते वेगळंच.

आता अँटासिड मिसळलेली महागडी गोळी सोडून नुसतं सिमेथिकोनच मागतो. दुकानदार आधीचीच पुढे करतो. जुन्या स्ट्रिपमधल्या चार उरल्यात, त्या मात्र संपवणार.