घरातल्या दोन गाड्या : कार्बोरेटरवाली जुनी, इंजेक्शनवाली नवी

जुनी गाडीच भरवशाची, असं आमच्या यवतमाळकडच्या घाटंजी तालुक्यात कोणत्याही पानठेल्यावर ऐकायला मिळतं. आमच्या घरी २००६ सालची १०० सीसीची कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा साध्या यंत्राने मिसळणारी मोटारसायकल होतीच. मागच्या उन्हाळ्यात १२५ सीसीची बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची, सेन्सरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी इंजेक्शनवाली घेतली. अख्खा पावसाळा, कापसाची वेचणी आणि पुन्हा ऊन तापेपर्यंत दोन्ही आलटून पालटून चालवल्या. नवी क्वचितच बंद पडते, पण पडली की तालुक्याशिवाय इलाज नाही. जुनी सारखी कुरकुरते, पण वावराच्या धुऱ्यावरच दुरुस्त होते. म्हणून कोणती भरवशाची हे विचारण्याआधी मिस्त्री किती लांब आहे आणि त्याच्याजवळ काय साहित्य आहे, ते बघा.

नवी एकदाच बंद पडली, ती ऐन पांदणीत. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, सेल्फ फिरत होता, इंजिन उचलत नव्हतं. गावातला मिस्त्री चांगला आहे, पण त्याच्याकडे गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर नाही, आणि अंदाजाने वायरी सोडायला तो तयार नव्हता. ते बरोबरच होतं. मालवाहू गाडीत टाकून तालुक्याला नेली, तेव्हा कळलं की सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडली होती. घरात कापूस भरलेला असला की उंदीर असतातच. दुरुस्तीपेक्षा गाडीभाडं जास्त लागलं. जुन्या गाडीला मोजक्या वायरी. त्यातली तुटली तर डोळ्यांना दिसते, पिळून टेप मारला की काम होतं.

काळ्या मातीचा त्रास दोघींनाही आहे. चिखल मडगार्डमध्ये ठासला की चाक फिरत नाही, मग काडीने उकरा. नवीच्या साइड स्टँडच्या स्विचमध्येही माती बसते. स्टँड वर असूनही गाडीला ते खाली वाटतं आणि ती चालू होत नाही. बाटलीभर पाण्याने स्विच धुतला की सुरू होते. चिखलात आडवी पडली तर इंजिन आपोआप बंद होतं. उभी करून चावी बंद-चालू करावी लागते. हे माहीत नसेल तर माणूस उगाच सेल्फ मारत बसतो.

बाटलीने पेट्रोल घ्यायची गावाची सवय मात्र नवीसाठी वाईट. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी सतत तळाला ठेवली तर पंपावर ताण येतो, आणि बाटलीतला कचरा फिल्टरात जातो. जुनीत रिझर्व्हचा कॉक फिरवला की पेट्रोल पंपापर्यंत पोचता येतं. पण आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनीला जास्त छळलंय. इथेनॉल ओल धरतं. पावसाळ्यात गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत पाणी साचतं, खालचा स्क्रू ढिला करून ते काढावं लागतं. रबरी नळ्याही कडक झाल्या, त्या बदलल्या. नवीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो मिश्रण जुळवून घेतो. एव्हरेज मात्र इथेनॉलमुळे दोन्हीकडे थोडं खाली येणारच, कारण त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते.

रात्रीचं काय, हे फार कोणी बोलत नाही. शेतीची लाइट रात्री असली की मोटर सुरू करायला जावंच लागतं. जुनीचा हेडलाइट इंजिनच्या वेगावर चालतो. चिखलात गाडी हळू केली की उजेड मंद होतो, आणि रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं येतं ते नेमकं तेव्हाच. नवीचा एलईडी बॅटरीवर एकसारखा जळतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी नवीच्या बाजूने उभा राहीन. वहिनी आशा वर्कर आहेत. जुनीची किक त्यांना जमत नव्हती, प्रत्येक वेळी कोणाला तरी सोडायला जावं लागायचं. आता सेल्फ मारून त्या एकट्याच गावोगाव फिरतात. त्यांच्यासाठी भरवशाची गाडी नवीच.

आणि मनाचं म्हणाल तर जुनीच. ते लोखंड, तो एकसुरी आवाज, बाबांनी पायाने ओळखलेला गिअर. १९९६ साली बंद झालेल्या यामाहाच्या टू-स्ट्रोक इंजिनवाल्या आरएक्स १०० साठी पोरं आजही नव्या गाडीएवढे पैसे मोजतात, आणि मला ते पटतं. टू-स्ट्रोकचा तो झटका आताच्या फोर-स्ट्रोक इंजिनात सापडत नाही. पण रोजच्या वावरासाठी असा शौक परवडत नाही.

जुनी घ्यायची असेल तर आधी आरसी बघा. पंधरा वर्षांनंतर आरटीओत पुन्हा नोंदणी लागते, दर पाच वर्षांनी परत, शिवाय हरित कर. चेसिस नंबर स्वतः ताडून बघा, इंजिन थंड असताना किक मारा आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो का ते बघा. निळा धूर आला तर इंजिनकामाचे पैसे धरूनच भाव करा. नवी घेतली असेल तर बॅटरी पूर्ण बसू देऊ नका, कारण करंट नसला तर पंपाला जोर मिळत नाही आणि किक असूनही गाडी उचलत नाही.