‘सिस्टिममध्ये दाखवत नाही’ : चेनच्या मेडिकलमधले नऊ महिने

आईची औषधं चेनच्या मेडिकलमधून घ्यायला लागून आता नऊ महिने झाले. पहिल्याच महिन्यात मी उत्साहाच्या भरात दोघी-तिघींना त्यांचं ॲप मोबाईलवर टाकून दिलं होतं, त्यामुळे आता त्यांची बोलणीही मलाच खावी लागतात. प्रत्येकीला फोनवर सांगून दमले, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

आधी आईच्या औषधांचा पसारा सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. मग हृदयाचे ठोके आणि बीपी यांसाठी मेटोप्रोलॉल. दुपारी कॅल्शियम, कारण ते थायरॉईडच्या गोळीपासून चार तास तरी लांब ठेवावं लागतं. रात्री जेवताना मधुमेहाची मेटफॉर्मिन, साधी नव्हे, हळूहळू विरघळणारी. आणि झोपताना ग्लार्जिन इन्सुलिन. पाचच गोष्टी, पण कॅल्शियम सोडलं तर एकही ‘आज नाही मिळाली तर उद्या बघू’ अशी नाही.

चांगलं होतं ते आधी सांगते. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी स्वच्छ छापलेली असते. जुनी बिलं ॲपमध्ये सापडतात, डॉक्टरांनी विचारलं की दोन मिनिटांत दाखवता येतात. दुकान उशिरापर्यंत उघडं असतं. पहिले दोन महिने एकही अडचण आली नाही. मला वाटलं, सुटले.

तिसऱ्या महिन्यात मेटोप्रोलॉल वेगळ्या कंपनीची दिली. त्याबद्दल माझी हरकत नव्हती. घरी येऊन डबीत भरताना सहज पट्टीची मागची बाजू वाचली, तर बारीक अक्षरात ‘टार्ट्रेट’. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘सक्सिनेट’ लिहिलं होतं. आकडा दोन्हीकडे ५०. तशीच परत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘तेच आहे मॅडम, फक्त कंपनी वेगळी.’’

ते तेच नाही. सक्सिनेटची गोळी दिवसभर हळूहळू औषध सोडते, म्हणून ती दिवसातून एकदा घ्यायची. टार्ट्रेटचा असर लवकर ओसरतो, ती सहसा दोनदा घ्यावी लागते. सक्सिनेटच्या जागी टार्ट्रेट सकाळी एकदाच घेतली, तर सकाळी डोस जास्त आणि रात्री जवळजवळ नाहीच. मी फार्मासिस्टना बोलवायला सांगितलं. त्या मागे कुठेतरी माल उतरवून घेत होत्या. वीस मिनिटांनी आल्या, पट्टी हातात घेतली आणि मला एक वाक्यही पुरं करावं लागलं नाही. माफी मागितली, योग्य गोळी स्वतः शोधून दिली, जुनी पट्टी परत घेतली. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. रकाना इतका अरुंद, की औषधाचं नाव ‘मेटोप्रोल ५०’ इथेच तुटत होतं. पुढचा, म्हणजे खरा महत्त्वाचा शब्द दिसतच नव्हता. पर्यायी औषध सिस्टिमनेच सुचवलं होतं.

‘‘मग हे दुरुस्त करा ना,’’ मी म्हटलं.

‘‘मला नाही करता येत. मी वर कळवते.’’

त्यांनी कळवलं असणार, माझा विश्वास आहे. दोन महिन्यांनी पुन्हा टार्ट्रेटच समोर आली. तोवर त्या बाईंची दुसऱ्या शाखेत बदली झाली होती, आणि नव्या माणसाला मी पहिल्यापासून सगळं सांगत होते. माझी खरी तक्रार हीच आहे. ज्याला औषधातलं कळतं त्याच्या हातात काही नाही, आणि ज्याच्या हातात आहे तो कधी काउंटरवर भेटतच नाही.

नावांचा हा घोळ काही आजचा नाही. ओमेप्राझोल हे पित्तावरचं औषध अमेरिकेत ‘लोसेक’ या नावाने आलं, तेव्हा लघवी वाढवणाऱ्या ‘लासिक्स’शी त्याची गफलत व्हायला लागली. म्हणून १९९० मध्ये त्याचं नावच बदलून ‘प्रायलोसेक’ केलं. (मग लोक त्याची गल्लत नैराश्यावरच्या ‘प्रोझॅक’शी करायला लागले, तो भाग वेगळा.) तिथे औषधाचं अख्खं नाव बदललं, इथे स्क्रीनवरचा रकाना बोटभर रुंद होत नाही.

दुसरं दुखणं स्टॉकचं. ॲप म्हणतं औषध उपलब्ध आहे, म्हणून मी जाते. तिथे दहा गोळ्या देतात, ‘बाकीच्या परवा येतील.’ परवा गेलं की ‘नवीन माल सिस्टिममध्ये दाखवत नाही.’ एकदा असे चार दिवस गेले. मेटोप्रोलॉलसारखं औषध एकदम बंद करायचं नसतं, ठोके वाढतात, छातीत दुखू शकतं. हृदयाच्या रुग्णाला ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावं लागतं. हे त्या मुलाला सांगितलं तर तो बिचारा स्वतःच घाबरला. त्यानेच मग मला गंमत समजावून सांगितली. कॉम्प्युटरच्या हिशोबात दोन पट्ट्या शिल्लक होत्या, कपाटात एकही नव्हती. कधीतरी चुकीची नोंद झाली असेल. पण कॉम्प्युटरला दोन पट्ट्या दिसत असल्यामुळे तो नवीन माल मागवतच नव्हता. म्हणजे नसलेल्या दोन पट्ट्यांमुळे असायला हव्या त्या वीस येत नव्हत्या. हिशोबातल्या त्या पट्ट्या खोडायच्या तर मॅनेजरची परवानगी लागते, आणि मॅनेजर दोन शाखा सांभाळतात.

इन्सुलिनचं तर मी घरपोच मागवणंच बंद केलं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण गरम होण्याइतकंच गोठणंही वाईट, याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळून छान स्वच्छ दिसलं तरी फेकायचंच. आमच्याकडे खोका आला त्यात बर्फाची पिशवी थेट इन्सुलिन भरलेल्या इंजेक्शनच्या पेनांना चिकटवून ठेवलेली, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडासुद्धा नाही. एका पेनात बर्फाचे कण मी डोळ्यांनी पाहिले. कस्टमर केअरला सांगितलं तर म्हणे फोटो पाठवा. फोटो काढेपर्यंत कण वितळले. मग उत्तर आलं, ‘फोटोमध्ये उत्पादन सुस्थितीत दिसत आहे.’ अकरा दिवस भांडल्यावर पैसे परत मिळाले ते पॉइंटच्या रूपात, आणि पॉइंटची मुदत तीन महिने. औषधाची एक्सपायरी बघायची सवय होती, आता भरपाईचीही बघते.

थायरॉईडच्या गोळीची दर महिन्याला कंपनी बदलते. हे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि शरीरातून निम्मं बाहेर पडायलाच त्याला सुमारे आठवडा लागतो, म्हणून काही बदललं की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करतात. दर महिन्याला पट्टी बदलली तर तो रिपोर्ट नक्की कुठल्या गोळीचा समजायचा? डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘कंपनी बदलू नये’ असं लिहून दिलं. ॲपमध्ये ते टिपायला जागाच नाही.

फोनचं थोडक्यात. दुकानाच्या पाटीवर जो नंबर आहे तो दुकानात वाजत नाही, कॉल सेंटरमध्ये वाजतो. कॉल सेंटरला दुकानाशी थेट बोलता येत नाही, ते ‘तिकीट’ काढतात. तिकीट दुकानाच्या कॉम्प्युटरवर दिसतं, पण गर्दीत ते बघणार कोण? मी काउंटरसमोर उभी राहून कॉल सेंटरला फोन लावलाय. माझं तिकीट समोरच्या स्क्रीनवर उमटलेलं मला दिसत होतं आणि मुलगा दुसऱ्याचं बिल करत होता.

आणि वर ते सर्व्हेचे मेसेज. आम्हाला ० ते १० मध्ये किती गुण द्याल? मी एकदा मनापासून ७ दिले. पुढच्या खेपेला मुलगी हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, प्लीज दहा द्या, नाहीतर आमच्या नावावर येतं.’’ या पद्धतीत ९ आणि १० म्हणजेच खूश ग्राहक, ७ आणि ८ कुठल्याच बाजूला मोजत नाहीत, आणि ६ पासून खाली सगळे नाराज. म्हणजे माझी तक्रार कंपनीवर, आणि कमी गुणांची किंमत त्या मुलीला. तेव्हापासून मी १० देते आणि खालच्या चौकटीत सगळा राग लिहिते. चौकटीत दोनशेच अक्षरं मावतात.

मी दुकान पूर्ण सोडलेलं नाही, कारण खरं सांगायचं तर बिलांचा आणि उशिरापर्यंत उघडं असण्याचा फायदा आहे. पण काही सवयी लागल्यात. पट्टी काउंटरवरच उलटी करून मागचं पूर्ण नाव चिठ्ठीशी ताडून बघते, मागे रांग कितीही असो. गोळ्या दहा दिवस पुरतील इतक्या असतानाच पुढच्या मागवते. इन्सुलिन स्वतः जाऊन आणते आणि पिशवीत पेन व बर्फ यांच्यामध्ये टॉवेल ठेवते. थायरॉईडची गोळी आता त्यांच्याकडून घेतच नाही. एका एकट्या फार्मासिस्टच्या लहान दुकानात सांगून ठेवली आहे, त्यांच्याकडे कॉम्प्युटर जुना आहे पण वही आहे. वहीत आईच्या नावापुढे कंपनीचं नाव लिहून त्याखाली दोन रेघा मारल्यात.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. चार महिन्यांपूर्वी थायरॉईडचा डोस ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम झाला. जुन्या ५० च्या गोळीचं आपोआप होणारं रिफिल बंद करायला ॲप सांगतं शाखेशी बोला, आणि शाखा सांगते ॲपमधून करा. दोन वेळा ती पट्टी घरी पोहोचली. एकदा आईने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून मला विचारलं, ‘‘अगं, या दोन्ही घ्यायच्या का गं?’’ तेव्हा पोटात गोळाच आला. घरपोच बंद केलं, आता ती दुकानातच तयार होऊन पडते.

काल परत मेसेज आला. ५० मायक्रोग्रॅमची पट्टी तयार आहे, ४८ तासांत घेऊन जा, नाहीतर परत कपाटात ठेवली जाईल. जाणार नाहीये. कपाटात गेली तर निदान तेवढा स्टॉक तरी खरा असेल.